खळ्यातलं दत्तक इंजिन

खळ्यात भात झोडलं की दाणे गोणीत जातात आणि पेंढा बाहेर उरतो. आमच्या विलासनं त्याच खळ्यात गाडी बांधायला घेतली, तेव्हा उलटंच झालं. गाडी एक, तीही अर्धी, आणि गोष्टी मात्र गोणीत मावेनात! कोणी पाणी प्यायला म्हणून फाटकातून आत आलं, तरी जाताना एखादा किस्सा घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी तोच किस्सा बाजारातून फिरून माझ्याकडे यायचा, तेव्हा त्याला दोन शिंगं जास्त फुटलेली असायची. म्हणून म्हटलं, मूळचे माझ्याकडे आहेत ते लिहून ठेवावेत. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं सुनेनं शिकवली. चुका सापडल्या तर तिला सांगा.

* * *

विलास माझा थोरला. अठ्ठावीस वर्षं मुंबईत एका वर्कशॉपात दुसऱ्यांच्या गाड्यांचे चेपलेले दरवाजे सरळ करत होता. स्वतःची गाडी कधी झाली नाही. गुडघे बोलायला लागले तसा घरी रत्नागिरीला आला आणि म्हणाला, गाडी घेणार, पण विकतची नाही, आपल्या हातानं बांधणार. मला वाटलं, होईल दोन दिवसांत थंड.

एकदा जेवताना म्हणाला, "आई, मंगळवारी चाशी येतेय."

मी ऐकलं चाळशी. सुईत दोरा जाईना म्हणून वर्षभर मी त्याच्या मागे लागले होते. माझा आनंद काय विचारता! तीन घरी सांगून आले, विलासनं माझ्यासाठी चाळशी मागवली म्हणून. मंगळवारी वेणीफणी करून ओटीवर बसले. टेम्पो आला. चार माणसांनी मिळून लोखंडी नळ्यांचे भारेच्या भारे उतरवले, प्रत्येक नळीवर खडूनं आकडा. मी विचारलं, माझी वस्तू कुठाय? विलास त्या ढिगाकडे हात करून म्हणाला, "ही काय. हीच चाशी. गाडीचा सांगाडा."

म्हटलं, "बाबा, माझं नाक एवढं मोठं नाही."

* * *

नळ्या जोडून सांगाडा उभा राहिला. चार चाकं लागली. पण वर पत्रा नाही, आत इंजिन नाही, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ते काय आहे ते कळेना. पोस्टमन म्हणाला, गणपतीचं मखर आत्तापासून? कोळीण म्हणाली, कोंबड्यांचं खुराडं झकास झालंय, पण दार कुठाय? विलास दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मासे मात्र त्यानं खाल्ले.

खरा घोळ घातला तो माझ्या दिरांनी. अण्णाभाऊजी आमच्या लगतच्याच घरात राहतात. आमचे हे गेल्यावर दोन्ही घरांत शब्द त्यांचाच, आणि वर ग्रामदेवीच्या पालखीचे ते मानकरी. शिमग्यात पालखी घरोघरी येते आणि आमच्या खळ्यात नाचते. हे चालत आलेलं. आणि खळ्याच्या बरोबर मध्यावर हा सांगाडा!

भाऊजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, जशी गुरं विकत घेताना मारतात तशी. मग विचारलं, "हे शिमग्यापर्यंत हलणार काय?"

विलासला खुराड्याची गोष्ट अजून टोचत होती. तो ताठ होऊन म्हणाला, "हलणार म्हणजे? आपल्या पायानं जाणार. कोणी ढकलायचं नाही. पालखी आली नि ही आपल्या पायानं खळ्यातून गेली नाही, तर मीच भंगारवाल्याला बोलावतो."

चार माणसांत बोलला. आमच्याकडे चार माणसांत बोललेला शब्द म्हणजे दगडावर कोरलेला. मी आतून डोळे मोठे केले, पण तोंडातून गेलं ते गेलं. भाऊजी म्हणाले, "बरं. ऐकलं सगळ्यांनी."

रात्री तो नीट जेवला नाही. पहाटे दात घासायच्या आधी खळ्यात जाऊन त्या नळ्यांवर हात फिरवताना मी त्याला पाहिलं. गुडघ्यात जाऊन बसलेली अठ्ठावीस वर्षं होती ती. भंगारात घालायची म्हणजे काय!

* * *

आता इंजिन हवं. विलासचा मित्र हसन. बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. समुद्रात बंद पडलेलं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखेल असा हात. तो म्हणाला, "काकी, नवं नको. डोनर इंजिन घेऊ."

डोनर म्हणजे काय ते मला नेत्रदानाच्या शिबिरामुळे ठाऊक होतं. मी विचारलं, "गेलं कोण?"

गेलं कोणी नव्हतं. चिपळूणला एक रिटायर नर्सबाई होत्या. त्यांच्या जुन्या गाडीचा पत्रा गंजून चाळण झालेला, पण इंजिन अजून खणखणीत. आम्ही सगळे टेम्पोतून आणायला गेलो. हसन ते बाहेर काढत होता आणि बाई पदर डोळ्याला लावून उभ्या. इंजिन टेम्पोत चढलं तशा त्या आत गेल्या, नारळ नि हळदकुंकू घेऊन आल्या आणि इंजिनाला लावून म्हणाल्या, "थंडीत उठायला जरा वेळ लावते हो. रागावू नका तिला."

मग मला राहवेना. घरी टेम्पो आला तेव्हा मी सुनेला म्हटलं, भाकरतुकडा आण. तिनं इंजिनावरून ओवाळून टाकला, पाणी ओवाळून टाकलं. दत्तक आलेलं लेकरू आहे, तसंच उंबरठ्यात कसं घ्यायचं? तेवढ्यात अण्णाभाऊजी कुंपणावरून डोकावले. सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, बारसं कधी?"

* * *

इंजिन सुटं करताना विलासनं मोबाईलवर पन्नास फोटो काढलेले. कुठली नळी कुठं, कुठली वायर कुणाला, सगळं त्यात. चार दिवसांनी विहिरीवर बादली ओढायला वाकला आणि खिशातला मोबाईल डुबुक! हसन उतरून घेऊन आला, पण त्यातून पाणी निघालं, फोटो निघाले नाहीत.

दोघंही डोकं धरून बसले. मी म्हटलं, "मला विचारा की."

कारण त्या दिवशी चिपळुणात मी त्या बाईंच्या पायरीवर बसून सगळं बघत होते. मला कार्बोरेटर नि कॉइल कळत नाही. मी आपली नाती लावून ठेवली होती. जाड काळी नळी ती थोरली जाऊ. तिच्या पोटाशी लागून निघते ती धाकटी जाऊ. लाल वायर सासू, सगळ्यांच्या वरून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन नणंदा, एक इकडे बघते नि एक तिकडे, एकमेकींना शिवल्या की ठिणगी. आणि अगदी खाली, तेलातुपात, कोणाला न दिसणारी, ती सून.

घरात कोण कुठं बसतं हे बाईमाणूस विसरत नाही. दोन दिवसांत बहुतेक सगळं जागच्या जागी लागलं. हसननं तर वहीत तीच नावं लिहून घेतली.

तिसऱ्या दिवशी पडवीत, चिऱ्यांवर ठेवलेल्या इंजिनाखाली हसन आडवा, पाय तेवढे बाहेर. खालून ओरडला, "काकी, धाकटी जाऊ कुठंच सापडत नाय!"

माझी खरी धाकटी जाऊ, म्हणजे अण्णाभाऊजींची बायको, नेमकी ताकाचं भांडं घेऊन मागे उभी. शांतपणे म्हणाली, "मी इथंच आहे. पण तुम्ही मला इंजिनाखाली का शोधताय?"

* * *

इंजिन सांगाड्यात बसवायचं तर उचलायला क्रेन हवी. खळ्यापर्यंत यायची वाट म्हणजे पाखाडी, चिऱ्याच्या पायऱ्या. शेजारून टेम्पो जेमतेम घुसतो, क्रेन कुठली! आंब्याच्या फांदीला साखळी बांधू म्हटलं, तर भाऊजी आडवे. मोहोर धरलेला, एक काडी हलवायची नाही.

शेवटी जुना मार्ग. पूर्वी आजारी माणसाला डोलीत घालून दवाखान्यात न्यायचे, तसं. मोठा बांबू, त्याला दोरांनी इंजिन बांधलं, पुढे दोघे, मागे दोघे. धूळ बसू नये म्हणून सुनेनं वर धुतलेली पांढरी चादर टाकली. पडवीतून खळ्यात जायचं तर घराला वळसा घालून रस्त्यावरून जावं लागतं. चौघं खाली माना घालून, गुडघे सांभाळत, हळूहळू निघाले. मागे मी.

वरच्या आळीतले एक गुरुजी समोरून सायकलवरून येत होते. सायकलवरून उतरले. टोपी काढली. बाजूला उभे राहून हात जोडले. आम्ही जवळ आलो तसे हळूच मला म्हणाले, "कधी झालं हो?"

मी म्हटलं, "अजून चालूच झालेलं नाही, तर जाणार कुठून?"

* * *

शिमगा आला चार दिवसांवर. हसनचे रोजे चालू होते, तरी तो रोज यायचा आणि उपवास सोडायच्या वेळेला बरोबर घरी पोचायचा. त्या दिवसांत आम्ही चहाचं भांडं स्वयंपाकघरातच ठेवलं. तो म्हणायचा, तुम्ही घ्या की काकी. पण तहानलेल्या माणसासमोर घोट घशाखाली उतरत नाही.

एका सकाळी गाडीचा मागचा भाग चिऱ्यांवर चढवून चाकं हवेत ठेवली. बघायला पुष्कळ माणसं. अण्णाभाऊजी स्वच्छ धोतर नेसून जरा पुढच्या अंगाला उभे. विलासनं चावी फिरवली. खोकलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं. मला नर्सबाई आठवल्या. मी म्हटलं, रागावू नको, थांब जरा. तिसऱ्यांदा ते दत्तक लेकरू असं काही बोललं की पडवीतली मांजर कौलावर गेली!

विलासनं पहिला गिअर टाकला. चाकं गरागरा फिरली. टाळ्या वाजल्या. सकाळीच मी सडा घातलेला, ते शेणपाणी टायरला लागलं होतं. ते सपासप उडालं आणि भाऊजी गळ्यापासून घोट्यापर्यंत, धोतरासकट, नक्षीदार झाले. ते धोतर धुवायला गेले. बाकीचे हसत होते. मी हसले नाही.

मी विलासच्या कानाशी जाऊन म्हटलं, "चिखल मागच्या माणसावर उडतो. भाऊजी तर पुढे उभे होते."

विलासचा हात चावीवरच राहिला. हसन चाकाकडे बघत खाली बसला.

मग उलगडलं. नर्सबाईंच्या गाडीत इंजिन पुढे होतं. ह्या गाडीत ते मागे बसवलेलं. सरळ बसवलं असतं, तर धुराचं तोंड चालवणाऱ्याच्या पाठीशी आलं असतं. आणि लाँचीवर पहिला धडा एकच, धूर माणसांवर यायचा नाही, मागे पडला पाहिजे. हसननं त्याच हिशेबानं अख्खं इंजिन फिरवून बसवलं. धूर गेला मागे, आणि चाकं फिरली उलटी. आता ह्या गाडीला मागे जायला पाच गिअर होते आणि पुढे जायला एक, तोही रिव्हर्सचा!

काढून पुन्हा बसवायचं तर सगळे जोड कापायचे, पुन्हा वेल्डिंग करायचं. पंधरा दिवसांचं काम, आणि हातात चार.

हसनचं तोंड उतरलं. म्हणाला, "विलास, माझ्यामुळे तुझी गाडी भंगारात गेली."

विलास म्हणाला, "रिव्हर्स टाकला की पुढे जाते ना? मग पुढेच जाणार. फाटकापर्यंत तर जायचंय. कोणाला सांगू नकोस."

हसन मान हलवून म्हणाला, "मी कशाला सांगतोय? मी मेकॅनिक आहे."

* * *

पालखीचा दिवस. पालखी आमच्याकडे दुपारी तीनला यायची. विलासनं ठरवलं, जेवणं आटपली की सगळ्यांसमोर गाडी काढायची. तोंड फाटकाकडेच होतं. रिव्हर्स टाकायचा, हळूच फाटकातून बाहेर, झालं. सूनबाई ओटीचं ताट भरत होती. हसन सकाळपासून आलेला, हातात पाना, वीस वेळा तेच बोल्ट आवळत होता.

पण वरच्या ज्या घरी पालखी जेवणं होईपर्यंत विसावते, तिथं आदल्या रात्री मूल झालेलं. सुवेर, म्हणजे सोयर, असलेल्या घरी पालखी थांबत नाही, हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही. अकरा वाजले नसतील, पाखाडीवर ढोल वाजला. बघते तर पालखी फाटकात! पुढे काठी घेऊन अण्णाभाऊजी, मागे गुरव, पालखी खांद्यावर घेतलेले खेळी, त्यामागे अर्धा गाव. आणि खळ्याच्या मध्यावर गाडी.

विलास धावत जाऊन आत बसला. चावी फिरवली. देवीची कृपा म्हणा, पहिल्याच फटक्याला चालू झाली. पण आता पुढे जाणार कुठं? पुढे पालखी! मला दिसत होतं. रिव्हर्स, रिव्हर्स, असं तो तोंडानं पुटपुटत होता. पण अठ्ठावीस वर्षांची सवय हाताला, हातानं टाकला तो पहिला.

गाडी मागे सरकली.

पालखी एक पाऊल आत आली, गाडी एक हात मागे गेली. पालखी आणखी पुढे, गाडी आणखी मागे. ढोल थांबला नव्हता, आणि त्याच तालावर जणू ती चालली होती. दोन्ही दिवे देवीवर लावलेले, तोंड देवीकडे, घर आणि गोठा यांच्यामधल्या फटीतून कुठंही न घासता मागे मागे गेली, बांध उतरली, मागच्या रिकाम्या खाचरात पोचली आणि पेंढ्याच्या उडवीला टेकून थांबली.

ढोल थांबला. सगळे अण्णाभाऊजींकडे बघायला लागले. बाहेर तर गेली, आपल्या पायानं गेली, कोणी ढकललं नाही. पण पुढे नाही, मागे गेली. ही धरायची की नाही, ते भाऊजींनी एकट्यानं ठरवायचं होतं. विलास आतच बसून, दोन्ही हात चाकावर, मान खाली.

भाऊजींनी काठी जमिनीवर टेकली. रिकाम्या खळ्याकडे बघितलं. मग उडवीकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवीला पाठ दाखवली नाय."

मग वळून गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं.

पालखी खळ्यात नाचली. कशी नाचली ते सांगत बसत नाही. सूनबाईनं ओटी भरली. मग गुरवानं नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. हसन एका बाजूला, कुंपणाला टेकून, डोक्याला टोपी, हातात पाना तसाच.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरची लेकरंबाळं, गुरंढोरं, कलमं नि मोहोर, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"जे कोण मुंबईला हायत, जे कोण दर्यावर हायत, त्यांना सुखरूप घरी आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आज ही गाडी जशी तुला पाठ न दाखवता, रीत सांभाळून मागं मागं गेली, तशी ती ज्यानं कोणी बांधली, अशी अक्कल ज्याच्या कोणाच्या डोक्यात आली, त्याच्या हाताला यश दे, आणि त्यातली थोडी अक्कल आमच्या पोरांनापण दे रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आणि सगळे थांबल्यावर, कुंपणापाशी, एकट्याचा, सगळ्यांपेक्षा मोठा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"